बुरशी जोमाने वाढते, पण मेटाबोलाइट बनत नाही: जनुकसमूह कुठे अडला आहे ते कसे शोधावे

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. मागच्या खेपेला याच बुरशीने याच माध्यमात भरपूर उत्पादन दिले होते. या खेपेला वाढ तेवढीच आहे, कोरडे वजनही तेवढेच आहे, पण टीएलसीवर (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीवर) ठिपका नाही आणि एचपीएलसीवर (द्रव क्रोमॅटोग्राफीवर) शिखर नाही. काही खेपांनंतर उत्पादन आपोआप परत येते आणि पुन्हा जाते. अशा वेळी पहिला हात रसायनांच्या बाटलीकडे जातो: क्रोमॅटिन (डीएनए आणि त्याला गुंडाळणारी प्रथिने) सैल करणारे काहीतरी घालून पाहू. हा उपाय सर्वात शेवटी करायचा आहे. उत्पादन येते-जाते याचा अर्थ जनुके शाबूत आहेत आणि त्यांच्यापर्यंत पोहोचणारा एखादा संकेत प्रत्येक खेपेला बदलतो आहे. तो संकेत बहुतेक वेळा पीएच, कार्बन, नायट्रोजन किंवा प्रकाश यांपैकीच एक निघतो.

बुरशीमध्ये दुय्यम चयापचयकाची (वाढीला थेट न लागणाऱ्या मेटाबोलाइटची, जसे विष किंवा प्रतिजैविक) जनुके गुणसूत्रावर शेजारी-शेजारी, समूहाने असतात. अ‍ॅस्परजिलस निड्युलन्समध्ये स्टेरिग्मॅटोसिस्टिन या विषाचा समूह सुमारे ६० किलोबेसचा असून त्यात २५ च्या आसपास जनुके आहेत. पेनिसिलिनच्या समूहात मुख्य जनुके तीनच. स्टेरिग्मॅटोसिस्टिनच्या समूहाला स्वतःचा नियामक (जनुके चालू करणारे प्रथिन) आहे, अफ्ल-आर. पेनिसिलिनच्या समूहात असा स्वतःचा नियामक नाही, त्यामुळे तो थेट पेशीच्या सर्वसाधारण नियामकांच्या हुकमतीत राहतो. या एका फरकामुळे दोन्हींची दुरुस्ती वेगळी होते. म्हणून आपल्या समूहात नियामक जनुक आहे का, हे आधी पाहून ठेवा.

आधी खात्री करा की पदार्थ खरोखरच नाही

स्टेरिग्मॅटोसिस्टिनचा बराचसा भाग मायसेलियममध्येच (बुरशीच्या तंतूंच्या जाळ्यातच) राहतो. मायसेलियम गाळून टाकून फक्त द्रवाचा अर्क काढला, तर चालू असलेला समूहही बंद दिसतो. १० मिली कल्चर मायसेलियमसकट घ्या, तेवढेच इथाइल अ‍ॅसिटेट घालून जोराने हलवा, वरचा थर काढा, हे दोनदा करा, अर्क सुकवून १०० मायक्रोलिटर मिथेनॉलमध्ये विरघळवा. टीएलसीसाठी टोल्युईन, इथाइल अ‍ॅसिटेट आणि अ‍ॅसेटिक आम्ल ८:१:१ प्रमाणात. ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात स्टेरिग्मॅटोसिस्टिन मंद विटकरी लाल दिसते आणि सहज नजरेतून सुटते. ९५ टक्के इथेनॉलमधील १५ टक्के अ‍ॅल्युमिनियम क्लोराईड फवारून प्लेट ८० °से.ला १० मिनिटे तापवली की तोच ठिपका ठळक पिवळा चमकतो. शेजारी प्रमाणित नमुना हवाच. हे विष आहे आणि त्याच्याच जातकुळीतले अफ्लाटॉक्सिन तर सिद्ध कर्ककारक आहे. हातमोजे आणि फ्यूम हूड यांशिवाय अर्काला हात लावू नये.

पदार्थ आम्लधर्मी असेल तर अर्क काढण्याआधी द्रवाचा पीएच ३ च्या आसपास आणा, नाहीतर तो पाण्याच्या थरातच बसून राहील. पेनिसिलिनसाठी मायक्रोकॉकस ल्युटियसवरची प्रतिबंध-वलय चाचणी पुरते. मात्र एका खाचेत पेनिसिलिनेज घालून वलय नाहीसे होते का ते पाहा. वलय तसेच राहिले, तर ते पेनिसिलिनचे नव्हे.

लिप्यंतरण (जनुकावरून आरएनए बनणे) कुठे थांबले ते मोजा

यासाठी तीन जनुके निवडा: नियामक, साखळीच्या सुरुवातीचे एक जनुक (बहुधा पॉलिकिटाईड सिंथेज किंवा नॉन-रायबोसोमल पेप्टाइड सिंथेटेज) आणि शेवटच्या टप्प्याचे एक. नमुने १२, २४, ३६, ४८ आणि ७२ तासांचे घ्या. एकाच वेळेचा नमुना घेणे ही सर्रास होणारी चूक आहे: नियामकाचा आरएनए आधी वर जातो आणि बाकीची जनुके नंतर उठतात, त्यामुळे २४ तासांना जे बंद दिसते ते ३६ तासांना पूर्ण चालू असू शकते.

मायसेलियम गाळल्यावर कागदांमध्ये दाबून लगेच द्रव नायट्रोजनमध्ये टाका. गाळणीवर पाच-दहा मिनिटे पडून राहिलेल्या मायसेलियमला पोषणाची टंचाई जाणवते आणि नायट्रोजन-कार्बनच्या नियामकांची जनुके तेवढ्यात हलू लागतात. आरएनएला डीएनेजची (डीएनए तोडणाऱ्या एन्झाइमची) प्रक्रिया करा आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेला नमुना सोबत चालवा. प्रायमर शक्यतो इंट्रॉनच्या (आरएनएमधून कापून काढल्या जाणाऱ्या तुकड्याच्या) दोन्ही बाजूंना ठेवा. तुलनेसाठी एकट्या अ‍ॅक्टिनवर विसंबू नका. वाढ थांबल्यावर अ‍ॅक्टिन आणि ट्युब्युलिन दोन्ही खाली येतात आणि तेवढ्यानेच समूह वर गेल्याचा भास होतो. किमान दोन-तीन संदर्भ जनुके घ्या आणि ती तुमच्या सर्व वेळांच्या नमुन्यांत स्थिर राहतात हे दाखवा.

निकाल तीन प्रकारचे येतात.

नियामकही बंद, बाकीही बंद: संकेत वरूनच येत नाही. पुढचे माध्यम, प्रकाश आणि स्टॉकचे भाग याच स्थितीसाठी आहेत.

नियामक चालू, बाकी बंद: प्रथिन तयार होते पण काम करत नाही. अ‍ॅस्परजिलस निड्युलन्समध्ये प्रोटीन कायनेज ए हे अफ्ल-आरला फॉस्फेट लावते आणि त्याला केंद्रकाबाहेर ठेवते; मुबलक ग्लुकोज मिळत असताना हा मार्ग जोरात असतो. म्हणजे आरएनए असूनही समूह गप्प राहणे शक्य आहे, आणि अशा वेळी नियामकाचा प्रमोटर (जनुक चालू-बंद करणारा डीएनएचा भाग) बदलून फारसे साधत नाही. अफ्ल-आर ज्या जागी डीएनएला चिकटते तिची खूण टीसीजी, मधे कोणतेही पाच बेस, आणि सीजीए अशी आहे. दुसऱ्या जातीतला नियामक आणून बसवला असेल, तर त्याची खूण तुमच्या प्रमोटरांत आहे का ते पाहा.

सगळे चालू, पदार्थ नाही: इथे जनुक-नियमनाचा प्रश्नच उरत नाही. अर्काची पद्धत, पूर्वद्रव्याची कमतरता, पदार्थाचे पुढे विघटन आणि ट्रेस धातू तपासा. अफ्लाटॉक्सिनसाठी जस्त लागतेच. ट्रेस द्रावण जुने होऊन त्यात गाळ बसला असेल तर नव्याने करा. समूह यीस्टमध्ये हलवला असेल, तर सिंथेज सक्रिय करणारे फॉस्फोपँटेथिनिल ट्रान्सफरेज, बहुधा निड्युलन्सचे एनपीजी-ए, सोबत घातले आहे का? ते नसेल तर प्रथिन बनते, पण निष्क्रिय राहते.

माध्यम: सर्वाधिक दोष इथेच सापडतात

ग्लुकोज मिनिमल माध्यमाची नेहमीची रचना अशी: एका लिटरला ग्लुकोज १० ग्रॅम, सोडियम नायट्रेट ६ ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट १.५२ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड ०.५२ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट ०.५२ ग्रॅम, ट्रेस द्रावण १ मिली, पीएच ६.५. कागदावर पीएच ६.५ असतो, पण बुरशी तो तसा ठेवत नाही. नायट्रेट खाताना माध्यम अल्कलीकडे सरकते. अमोनियम खाताना आम्लाकडे, आणि बफर अपुरा असेल तर ३ च्या आसपास किंवा त्याखालीही. म्हणून नायट्रोजनचा स्रोत बदलला की पीएचही बदलला असे धरूनच चाला. ६ ग्रॅम सोडियम नायट्रेटइतका नायट्रोजन अमोनियम सल्फेटमधून द्यायचा तर सुमारे ४.७ ग्रॅम लागते. ही अदलाबदल केल्यावर आलेला फरक एरे-ए या नायट्रोजन-नियामकामुळे आला की पीएचचा नियामक पॅक-सी यामुळे, हे पीएच मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

पॅक-सी अल्कली माध्यमात प्रथिनाचा मोठा भाग कापला जाऊन सक्रिय होते. सक्रिय पॅक-सी पेनिसिलिनची जनुके वाढवते. स्टेरिग्मॅटोसिस्टिन आणि अफ्लाटॉक्सिन यांचे उलट आहे. त्यांना आम्लधर्मी माध्यम मानवते. फ्युझेरियम ग्रॅमिनिअरममधील ट्रायकोथेसीन आणि फ्युझेरियम फुजिकुरोईतील लाल बिकाव्हेरिन ही दोन्हीही आम्लात फुलतात. पेनिसिलिनची रेसिपी स्टेरिग्मॅटोसिस्टिनला लावली तर अपयश ठरलेलेच.

करायचे ते साधे आहे. पेरणीच्या वेळी, आणि मग २४, ४८ व ७२ तासांना प्रत्येक फ्लास्कचा पीएच मोजून वहीत लिहा. चांगल्या आणि वाईट खेपांच्या नोंदी समोरासमोर ठेवल्या की दोष बहुधा तिथेच दिसतो. ऑटोक्लेव्हनंतरचा पीएचही मोजा, आधीचा पुरेसा नाही. मग दोन समांतर संच लावा: एक ५० मिमोलर एमईएस बफर घालून पीएच ६ ला, दुसरा १०० मिमोलर एमओपीएस बफर घालून ७.२ ला. सायट्रेट बफर टाळा, ते बुरशीचे खाद्य होऊन बसते. उत्पादन एका संचात आले आणि दुसऱ्यात नाही, तर उत्तर मिळाले.

कार्बनच्या बाबतीत क्रे-ए हा नियामक मध्यवर्ती आहे. ग्लुकोज असेपर्यंत तो अनेक जनुके दाबून धरतो आणि पेनिसिलिनचे उत्पादनही ग्लुकोजमुळे दबते. पेनिसिलिनच्या जुन्या औद्योगिक माध्यमांत लॅक्टोज असण्याचे कारण हेच: ते हळूहळू पचते, दाब पडत नाही. अफ्लाटॉक्सिनला मात्र ग्लुकोज आणि सुक्रोज हवेच असतात. पेप्टोन किंवा लॅक्टोजवर बुरशी वाढते पण अफ्लाटॉक्सिन जवळपास देत नाही. यीस्ट एक्स्ट्रॅक्ट २० ग्रॅम आणि सुक्रोज १५० ग्रॅम असे भरमसाठ साखरेचे माध्यम विषबुरशींसाठी वापरतात ते यामुळेच. एकच साखर एका समूहाचा लगाम आणि दुसऱ्याचा चाबूक असते, हे लक्षात न घेता «साखर कमी करा» असा सरसकट सल्ला देणे चुकीचे आहे.

इथे एक बारीक दोष वारंवार सापडतो: ग्लुकोज आणि बाकीचे माध्यम एकत्र ऑटोक्लेव्ह करणे. यीस्ट एक्स्ट्रॅक्ट किंवा पेप्टोन असलेल्या माध्यमात साखर जळून तपकिरी होते आणि दर खेपेला वेगवेगळ्या प्रमाणात होते. साखरेचे २० टक्के किंवा ४० टक्के द्रावण वेगळे निर्जंतुक करून नंतर मिसळा. माध्यमाचा रंग दर खेपेला वेगळा दिसत असेल, तर आधी हेच सुधारा.

नायट्रोजनबद्दल दोनच गोष्टी. फुजिकुरोईत जिबरेलिन आणि बिकाव्हेरिन दोन्ही मुबलक अमोनियम किंवा ग्लुटामिनने दबतात. जिबरेलिनच्या जनुकांना एरे-ए लागते; बिकाव्हेरिनच्या बाबतीत पीएच आम्लधर्मी नसेल तर नायट्रोजन संपूनही लाल रंग येत नाही. आणि अफ्लाटॉक्सिन देणाऱ्या अ‍ॅस्परजिलस पॅरासिटिकसला अमोनियम चालते व नायट्रेट नको असते, तर निड्युलन्सचे स्टेरिग्मॅटोसिस्टिन नायट्रेटवर अधिक येते. दोघांचे समूह जवळचे नातेवाईक असूनही.

पोषणदोषी (एखादे पोषकद्रव्य स्वतः न बनवू शकणारा) स्ट्रेन वापरत असाल तर पूरक द्रव्येही मोजून घाला. युरिडीन ५ मिमोलर म्हणजे लिटरला १.२२ ग्रॅम, युरासिल ५ मिमोलर म्हणजे ०.५६ ग्रॅम, पायरिडॉक्सिन मिलीलिटरला ०.५ मायक्रोग्रॅम. मूळ स्ट्रेनशी तुलना करताना हीच द्रव्ये त्याच्या माध्यमातही घालावीत, नाहीतर फरक जनुकाचा की खाद्याचा हे कळत नाही.

प्रकाश आणि तापमान

व्ही-ए हे प्रथिन अंधारात केंद्रकात जाते, जाताना वेल-बी या प्रथिनाला सोबत नेते, आणि आत ले-ए या सर्वसाधारण नियामकाला भेटते. या तिघांच्या संकुलाची मांडणी २००८ मध्ये प्रकाशित झाली. ले-ए त्याआधी २००४ मध्ये सापडले होते. ले-ए काढून टाकले की निड्युलन्समध्ये स्टेरिग्मॅटोसिस्टिन आणि पेनिसिलिन दोन्ही कोसळतात. प्रकाशात व्ही-ए मुख्यतः केंद्रकाबाहेर राहते आणि स्टेरिग्मॅटोसिस्टिन कमी होते.

व्यवहारात याचा अर्थ असा की काचेच्या दाराचा इन्क्युबेटर, आत लागणारा दिवा, खिडकीशेजारचा शेकर हे सगळे प्रयोगाचे भाग आहेत. फ्लास्क आणि प्लेट अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा. नमुना काढायचा असेल तर त्या वेळेसाठी वेगळा फ्लास्क ठेवा, एकच फ्लास्क पुन्हा पुन्हा उघडू नका.

पण फॉइल लावूनही काहीच फरक पडत नसेल तर? निड्युलन्सच्या पुष्कळ प्रयोगशाळेतील स्ट्रेनमध्ये व्ही-ए-१ हा उत्परिवर्तित प्रकार आहे. त्यात सुरुवातीच्या एटीजी कोडॉनचा एटीटी झाला आहे. प्रथिन ३७ व्या अमिनो आम्लापासून सुरू होते आणि पहिली ३६ गायब होतात. हा स्ट्रेन अंधारातही बीजाणू धरतो. चाचणी सोपी आहे: दोन प्लेट पेरा, एक उजेडात, एक फॉइलमध्ये, ३७ °से.ला तीन दिवस. दोन्ही सारख्याच हिरव्या झाल्या तर व्ही-ए-१ चा संशय घ्या आणि जनुकाच्या सुरुवातीचा तुकडा पीसीआर करून सिक्वेन्स करा. अंधारातली प्लेट पिवळसर, कमी बीजाणूंची आणि क्लायस्टोथेसिया (लैंगिक बीजाणूंचे गोल कोश) धरणारी असेल तर व्ही-ए मूळ रूपात आहे. प्रकाश किंवा ले-ए यांच्यावरचे कोणतेही निष्कर्ष व्ही-ए-१ पार्श्वभूमीत काढू नयेत.

तापमानाचे थोडक्यात: अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस आणि पॅरासिटिकस ३७ °से.ला झपाट्याने वाढतात, पण अफ्लाटॉक्सिन २८ ते ३० °से.लाच देतात. निड्युलन्सला ३७ ची अडचण नाही.

स्टॉक बिघडला आहे का

सलग मायसेलियमवरून मायसेलियमवर सबकल्चर केलेल्या स्ट्रेनची उत्पादनक्षमता जाते. पॅरासिटिकसमध्ये अफ्लाटॉक्सिन असे हरवलेले प्रकार चांगले अभ्यासले गेले आहेत. प्लेट तिरप्या उजेडात धरून पाहा. हिरव्या वसाहतीत पांढरे, कापसासारखे, बीजाणूहीन पाचर दिसले, तर तो भाग वेगळा झाला आहे. निड्युलन्समध्ये फ्ल्युजी आणि एफएलबी-ए या जनुकांत बिघाड झाला की वसाहत अशीच कापसाळ होते आणि बीजाणूंसोबत स्टेरिग्मॅटोसिस्टिनही जाते, कारण वाढीचा संकेत देणारे जी-प्रथिन फॅड-ए बंदच होत नाही. पेरणीच्या वेळी कापसाळ भाग काडीवर आला तर पुढच्या सर्व फ्लास्कवर तोच राज्य करतो.

दुरुस्ती: ०.०१ टक्के ट्वीन ८० मध्ये बीजाणू काढा, सौम्य करून पसरवा, आठ-दहा स्वतंत्र वसाहती उचला आणि प्रत्येकीची टीएलसी करा. चांगली निघालेली वसाहत एकदाच मोठ्या प्रमाणात वाढवून २५ टक्के ग्लिसरॉलमध्ये, लहान-लहान नळ्यांत, उणे ८० °से.ला ठेवा. प्रत्येक प्रयोग नव्या नळीतून सुरू करा. पेरणी मोजलेल्या बीजाणूंनी करा, मिलीलिटरला १० लाख. २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये ५० मिलीपेक्षा जास्त माध्यम नको. बीजाणू कमी पडले की मोठे गोळे बनतात, त्यांच्या आत ऑक्सिजन पोहोचत नाही आणि एकाच फ्लास्कमध्ये दोन वेगळ्या अवस्थांतल्या पेशी राहतात.

पेनिसिलियम क्रायसोजेनमच्या औद्योगिक स्ट्रेनमध्ये आणखी एक गोष्ट तपासावी लागते. तिथे पेनिसिलिनच्या समूहाच्या एकामागे एक जोडलेल्या अनेक प्रती असतात आणि त्या सबकल्चरमध्ये गळू शकतात. जीनोमिक डीएनएवर क्यूपीसीआर (प्रती मोजणारी पीसीआर) करून समूहातील एका जनुकाची तुलना एकच प्रत असलेल्या जनुकाशी करा. प्रती घटल्या असतील तर माध्यमाने काहीही परत येणार नाही.

क्रोमॅटिन: वरचे सगळे निस्तरल्यावर

वाढीच्या काळात स्टेरिग्मॅटोसिस्टिनच्या समूहावर एच३के९ मिथिलीकरण (हिस्टोन प्रथिनावरची, जनुके दाबणारी रासायनिक खूण) आणि हेप-ए हे प्रथिन बसलेले असते. वाढ संपताना ते हटते आणि ले-ए त्या हटण्याच्या बाजूने काम करते. एचडीए-ए हे हिस्टोन डीअ‍ॅसिटिलेज काढल्यावर निड्युलन्समध्ये स्टेरिग्मॅटोसिस्टिन आणि पेनिसिलिन लवकर व जास्त येतात, हे २००७ मध्ये दाखवले गेले. म्हणून डीअ‍ॅसिटिलेज रोखणारी रसायने, उदाहरणार्थ व्होरिनोस्टॅट किंवा ट्रायकोस्टॅटिन ए, वापरून पाहण्यात अर्थ आहे. व्होरिनोस्टॅटच्या १०, १०० आणि ५०० मायक्रोमोलर अशा तीन मात्रांनी सुरुवात करा, तेवढेच डीएमएसओ नियंत्रणात घाला, आणि उत्पादन कोरड्या वजनाच्या प्रमाणात मांडा. ही रसायने वाढही खुंटवतात.

५-अ‍ॅझासायटिडीनबद्दल सावध राहा. ते पाण्यात टिकत नाही, ताजेच करावे लागते. शिवाय अ‍ॅस्परजिलसमध्ये डीएनएचे मिथिलीकरण जवळजवळ नसतेच. त्यामुळे तिथे दिसलेला परिणाम «मिथिलीकरण हटल्यामुळे» असे लिहिणे धाडसाचे ठरते. तसेच फ्युझेरियम ग्रॅमिनिअरममध्ये अनेक समूह एच३के२७ मिथिलीकरणाखाली दबलेले असतात आणि ही खूण लावणारे केएमटी-६ हे एन्झाइम काढल्यावर उठतात, पण वाढ फार मंदावते. अ‍ॅस्परजिलसमध्ये हे एन्झाइमच नाही, तिथे ते शोधू नका.

एकत्र वाढवण्याचा उपायही खरा आहे. स्ट्रेप्टोमायसिस रॅपामायसिनिकस निड्युलन्ससोबत वाढवल्यावर ऑर्सेलिनिक आम्लाचा गप्प समूह चालू होतो, मात्र दोघांचा प्रत्यक्ष स्पर्श लागतो. जिवाणूचा गाळलेला द्रव घालून काम होत नाही. बुरशीच्या बाजूने यासाठी हिस्टोन अ‍ॅसिटिलीकरण करणारे सागा संकुल आणि त्यातील जीसीएन-ई लागते.

नियामक जबरदस्तीने चालू करायचा असेल तर अल्क-ए प्रमोटर सोयीचा आहे, पण ग्लुकोजमध्ये तो बंदच राहतो. आधी लॅक्टोजवर वाढवा, मग १०० मिमोलर थ्रिओनीन किंवा ३० मिमोलर सायक्लोपेंटॅनोन घालून चालू करा. नियामकाचा आरएनए शेकडो पट वाढला आणि तरीही समूह हलला नाही, तर पहिली शंका जनुकाच्या नोंदीवर घ्या: संगणकाने ठरवलेला पहिला कोडॉन किंवा एखादा इंट्रॉन चुकलेला असणे या जनुकांत नवे नाही. खऱ्या आरएनएवरून सीडीएनए काढून सिक्वेन्स करा आणि सुरुवातीची जस्त बांधणारी सहा सिस्टिन जागेवर आहेत का ते मोजा.